उरलेला खडा

महाडला आमच्या आळीत कोर्टातून रिटायर झालेले एक शेजारी होते. कशालाही 'मान्य' म्हणायचे. चहा गार झाल्याची बायकोची तक्रारसुद्धा मान्य. डोंगरावरच्या धनगरवाडीतून येणारी दूधवाली घरोघरी रतीब घालेपर्यंत तिची लेक यांच्या पायरीवर बसून राहायची. वाडीत शाळा नव्हती. यांनी तिला पुस्तकाशिवाय गणित शिकवायला घेतलं.

"शेळ्या किती गो तुमच्या?"

"मोजायच्या नायत. मोजल्या की कमी व्हतात."

"मान्य. खडे मोजलेले चालतील?"

तिने विचार केला. "खडं चालतील."

मग सकाळी शेळी बाहेर पडली की एक खडा ओच्यात घ्यायचा, संध्याकाळी आत आली की एक बाजूला काढून ठेवायचा, असं ठरलं. त्याच खड्यांवर ती पायरीवर बेरजा करायला शिकली.

एके दिवशी ती मूठ मिटूनच आली. "काल एक खडा उरला."

"कोण राहिली?"

"चांदी. वाघानं नेली."

त्या दिवशी ते मान्य म्हणाले नाहीत. तिच्या हातातला खडा घेऊन त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आबा, आज वजाबाकी शिकवणार व्हता ना तुमी?"

"झाली ती," ते म्हणाले.