आंबेहळदीचा लेप

आंबेहळदीचा वास आला की मला माझी अँजिओग्राफी आठवते, कारण नळी घातली त्या जांघेत नंतर आलेल्या गाठीवर मी शहाण्याने बेसमेंटच्या वॉशरूमचं दार लावून दोन दिवस आंबेहळदीचा गरम लेप चोपडला होता. कॅनडात, ग्वेल्फमध्ये वीस वर्षं काढली, तरी बायकोला जांघेतलं दुखणं सांगायची लाज काही गेली नव्हती. शेवटी चादरीवरचा पिवळा डाग बघून तिनेच जाब विचारला, गाठीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "अहो, ही नाडीसारखी उडतेय." इमर्जन्सीत नर्सने हा रंग कसला म्हणून विचारलं, मी "आमचं घरगुती औषध" म्हणालो, तर ती हसलीसुद्धा नाही. सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीचं भोक बुजलेलं नाही, तिथून रक्त बाहेर साठतंय, गाठ फुटली तर फार वेळ मिळणार नाही. मग पडद्यावर बघत त्यांनी गाठीत रक्त गोठवणारं इंजेक्शन दिलं. जांघेवर गारढोण जेल, पडद्यावर गरगरणारं माझंच रक्त, आणि कोपऱ्यात माझी पँट छातीशी धरून उभी असलेली बायको. काही सेकंदांत ते गरगरणं थांबलं. आता मी साधी उचकी लागली तरी तिला सांगतो, कारण त्या दिवशी घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "या देशात मी फक्त तुमच्यासाठी राहतेय, हे पुढच्या वेळी काही लपवताना लक्षात ठेवा."