कॉइलवाले सर

नवी कॉइल पाण्याच्या बाटलीवरच्या चाचणीत पास झाली की सर घड्याळ, पाकीट, चष्मा टेबलावर काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "चला, पहिले मी."

एमआरआयच्या बोगद्यात जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पिंजऱ्यासारखं काही बसवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तीच कॉइल. शरीरातून येणारे क्षीण संकेत ती पकडते आणि संगणक त्यांचं चित्र करतो. भोपाळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत सर अशा कॉइल बनवत.

मी यवतमाळकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि तुलसी नगरात ब्लाउज शिवू लागले. सरांना कापडात तारा शिवणारं कुणीतरी हवं होतं. मी आधीच सांगून टाकलं, "सर, मला इंग्रजी येत नाही."

"तारेला पण येत नाही, ताई. बसा."

त्यांना लहान मुलांसाठी मऊ टोपी करायची होती. मोठ्यांची कॉइल मुलांना ढिली होते, तपासणी लांबते, मूल हलतं, मग भूल द्यावी लागते. कॉइल डोक्याला लागून बसली तर निम्म्याच मोजणीत संगणक चित्र जुळवेल, असं त्यांचं म्हणणं. "टोपी पोराच्या डोक्यावर गेलेली बघायची आहे मला. बस, तेवढंच."

एकदा ते चौक बाजारातून जरीची किनार घेऊन आले, बटव्याला लावतात तशी. "जरा सुंदर दिसू दे ना." मी लावली. मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर चाचणी घेतली, तर चित्राची एक बाजू काळी. जरीत धातू असतो. जन्मभर तपासणीआधी बायकांना मंगळसूत्र उतरवायला लावणारा माणूस कपाळाला हात लावून हसत सुटला. "मला नोकरीवर ठेवलं कोणी?" मला मात्र वाटलं, आता आपल्याला काढतात. त्यांनी चहा मागवला आणि किनार उसवायला स्वतःच बसले. कात्री दोनदा हातातून निसटली. वय झालं, असं मला वाटलं.

मग मोठ्या मापाची टोपी घालून सर आत झोपले. चित्रात प्रत्येक रेघ दुहेरी आली. इंजिनियरांनी सगळे जोड तपासले, संगणकाचा हिशेब पुन्हा केला. मी मनात म्हटलं, चूक शिवणीचीच असणार. सर पुन्हा झोपले, पुन्हा तेच. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिली.

"ताई, शिवण बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच हलतोय."

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढे सर खुर्चीत बसून तार कुठून न्यायची ते बोलून दाखवत आणि मी शिवत असे. हळूहळू शब्दही अडखळू लागले. मग येणं थांबलं.

टोपीला मंजुरी मिळाली तेव्हा सरांना जाऊन एक दिवाळी उलटली होती. एक लहानगी टोपी घालून आत गेली. भूल द्यावी लागली नाही. चित्र उमटलं तसं कोणीतरी सवयीने म्हणालं, "सरांना फोन लाव."

एकाने नंबर काढलासुद्धा. मग त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.