चिप जळणारच म्हणणारे भावोजी

आमचे धाकटे भावोजी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. खरेदी खात्यात राहून माणूस आयुष्यभर काहीही न घेता कसा राहू शकतो, हे बघायचं असेल तर त्यांना बघावं. कुणी पंप मागितला की भावोजी दरपत्रकं मागवत, त्यांचा तक्ता करत, तक्त्यात खुसपट काढत आणि नव्याने दरपत्रकं मागवत. तोवर पंप मागणारा जुनाच पंप ठोकून-ठाकून चालवायला शिकलेला असे. "माझ्या हातून एकही चुकीची वस्तू आली नाही," असं ते अजून सांगतात. खरं आहे. वस्तूच आली नाही. त्यांचे साहेब याला सावधपणा म्हणत आणि बढत्या देत. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

निवृत्तीनंतर खातं सुटलं, तर भावोजींनी घराचंच खातं करून टाकलं. आमच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. तिथे मिक्सर आणायचा तरी त्यांची मंजुरी लागते. मुलगा बापावरच गेलाय, तो गप्प बसतो. सून मात्र कामाची. घरांच्या आतली रचना ती संगणकावर करून दाखवते. स्वयंपाकघर बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला ते पडद्यावर फिरवून दाखवायचं, ओट्यावर उजेड कुठून पडेल तेसुद्धा.

तिच्या ऑफिसने जागा कमी केली आणि कळवलं, की महिना संपायच्या आत स्वतःचा दमदार लॅपटॉप घ्या आणि घरून काम करा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणी बघू. तिच्याकडचा लॅपटॉप एक कपाट वळवायला चहा उकळेपर्यंत वेळ घेई. तिला ग्राफिक्सची वेगळी चिप असलेला हवा होता, आणि नेमकं तिथेच भावोजींचं घोडं अडलं.

"वेगळी चिप म्हणजे जुगार," ते म्हणाले. "ती तापते, खालचे सोल्डरचे टाके सुटतात, पडद्यावर रेघा येतात, की संपलं. जळणारच ती. माझ्या लॅपटॉपचं तेच झालं. वहिनी, मी सगळं वाचलंय."

वाचलं होतं, यात शंका नाही. मागे कधीतरी काही चिपा खरोखरच सदोष निघाल्या होत्या. तेवढ्यावर यांचं पुराण चालू. कुठल्या परक्या माणसाने कुठल्या जुन्या मशीनबद्दल रडगाणं लिहिलंय ते इंटरनेटवर शोधायचं आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायचं. ज्यांचं मशीन नीट चालतं ते लिहीत बसत नाहीत, कामाला लागतात, एवढी साधी गोष्ट या गृहस्थांच्या डोक्यात शिरेना.

सुनेने गळ घातली म्हणून दुकानात मीही गेले. भावोजींनी एकेका लॅपटॉपच्या पोटाला तळवा लावून पाहिला, जणू तापाने फणफणलेलं पोरच. मग विक्रेत्याला म्हणाले, "ही चिप जळणार नाही, असं लिहून द्या."

"काका, असं माणसाबद्दलही कुणी लिहून देत नाही. वॉरंटी आहे ना. हवी तर वाढवून घ्या."

"म्हणजे जळते, हे तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही हेल्मेट घालता, ते काय पडायचं ठरवून?"

भावोजी तडक दुसऱ्या दुकानात शिरले. मग तिसऱ्या. महिना सरत आला. ऑफिसातून सुनेला फोन आला: शुक्रवारी काय ते सांगा.

गुरुवारी ती खाली माझ्याकडे आली. काखेत भावोजींचा मेलेला लॅपटॉप.

"बाबा म्हणतात, यातले जुने फोटो काढून दे. वर त्यांचं वाचन चाललंय, इथे करते."

माझ्या जेवणाच्या टेबलावर तिने तो पालथा घातला आणि स्क्रू काढायच्या आधीच थांबली. "काकू, हे बघा."

हवा आत घेणाऱ्या जाळीवर चिकटपट्टी. बाजूला गरम हवा सोडणारी फट असते, तिच्यावरही. कोपरे कात्रीने गोल कापलेले, एक सुरकुती नाही.

मी भावोजींना हाक मारून खाली बोलावलं. "ही पट्टी कुणी लावली?"

"मीच. आणल्या दिवशीच लावली. धूळ जाते ना आत." चेहऱ्यावर चक्क अभिमान.

"आणि हवा?"

"त्याला कशाला हवी हवा?"

सून हसली नाही, रागावलीही नाही. तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि मला विचारलं, "काकू, येताय?" हेल्मेटवाल्याच्या दुकानात तिने वेगळ्या चिपचा लॅपटॉप घेतला, वॉरंटी वाढवून. नवऱ्याला दुकानातूनच कळवलं, विचारलं नाही. शुक्रवारी ऑफिसला होकार गेला आणि नोकरी राहिली.

भावोजींना काही पटलं म्हणता? "पट्टीचा काही संबंध नाही, चिपच सदोष होती," हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. आता रोज सकाळी सुनेच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि विचारतात, "आल्या का रेघा?" तिची नोकरी टिकली याचं त्यांना सोयरसुतक नाही. चिप टिकली, हेच दुःख. घरात इतक्या आशेने कशाची वाट पाहताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

परवा मी वर गेले होते तेव्हाही तेच. "तापतंय बघ," ते म्हणाले.

"काम करतंय बाबा, तापणारच," ती मान न वळवता म्हणाली आणि पडद्यावरचं कुणाचं तरी स्वयंपाकघर तिने गर्रकन फिरवलं.