अनंतरावांच्या सेटचा कोड

तेलंगणातल्या बोथच्या बसस्टँडसमोर एक अरुंद गाळा आहे. बाहेर रिमोट आणि चार्जर टांगलेले, पाटीवर नाव पंकजचं आणि आत बसते त्याची बायको, सुनयना. पंकज दोन वर्षांपासून नेरडीगोंड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरीला आहे. तरी गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी आत डोकावून विचारतं, "भाऊ नाही का?" सुनयना म्हणते, "नाहीत. काय बिघडलं?" मग ते गिऱ्हाईक पिशवी उघडावी की नाही, या विचारात पडतं. त्या विचाराचा तिला मनस्वी राग येतो, पण एवढ्याशा गाळ्यात राग ठेवायला जागा कुठली? ती तो गिळते.

काम मात्र चोख. लग्न होऊन बेज्जूरहून आली तेव्हा ती नुसती रिमोटची रबरी बटणं स्पिरिटने पुसून द्यायची. पुसता पुसता आत काय असतं ते बघू लागली, आणि वर्षभरात सोल्डरिंगचा डाग द्यायला पंकजपेक्षा तिचाच हात स्थिर ठरला. रिमोट जिवंत आहे की नाही हे ती मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघते. बटण दाबलं की टोकाचा बारका दिवा कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकतो, एरवी डोळ्यांना तो दिसत नाही. कोणत्या कंपनीच्या सेटला कोणता कोड लागतो, हे तिने शाळेच्या वहीत लिहून ठेवलंय. कंपनीचं नाव तेलुगूत आणि पुढचा शेरा मराठीत, कारण तिचं शिक्षण तेलुगूत झालं आणि वैताग येतो तो मराठीत.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी अनंतराव आले. मंडल ऑफिसातून, म्हणजे तिकडच्या तहसिलीतून, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण बोलणं अजून फायलीतलंच.

"आमच्या होम थिएटरचं रिमोट फौत झालं, बाई. भाऊ कुठाय?"

रिमोट खरोखरच फौत झालं होतं. चालेना म्हणून अनंतरावांनी ते आधी तळहातावर आपटलं होतं, मग टेबलावर, आणि आता त्याचे दोन तुकडे होऊन स्प्रिंग बाहेर आली होती. सुनयनाने त्यांना सगळ्या सेटना चालणारं नवं रिमोट दिलं. वहीतून कोड काढून चिठ्ठीवर लिहून दिला आणि नीट समजावलं: लाल दिवा लागेपर्यंत रिमोटवरचं ‘सेट’ लिहिलेलं बटण दाबून धरा, आकडे टाका, मग होम थिएटरकडे रोखून चालू करा.

दुसऱ्या दिवशी अनंतराव हजर. चाललं नाही. तिने दुसरा कोड दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर, तेव्हा तिसरा दिला. "तो सेटच इथं घेऊन या ना, काका," असं ती म्हणाली तर ते म्हणाले, "पाच स्पीकरचं बिऱ्हाड आहे ते, कुठं उचलून आनता?" आणि घरी जाऊन त्यांनी फोन लावला तो सुनयनाला नव्हे, पंकजला. शिवाय चहाच्या टपरीवर बसून चार लोकांना सांगितलं, की ते काही बाईमाणसाचं काम नाही.

रात्री जेवताना पंकज म्हणाला, "काट्यावर गाड्यांची रांग लागली असते अन् मले तक्रारीचे फोन येऊन राह्यले. एक मोबाइल कव्हरवाला गाळा मागून राह्यला. काकाचं काम नाही झालं, तं पाडव्यापासून देऊन टाकतो त्याले."

"अन् मी काय करू?"

"घर आहे ना."

नऊ वर्षं सुनयना ज्या टेबलाशी बसली ते टेबल एका वाक्यात तिच्यापुढून निघालं होतं. सकाळी तिने वही पिशवीत टाकली, शटर खाली ओढलं आणि सरळ अनंतरावांच्या घरी गेली.

त्यांच्या बायकोने, चारुशीलाकाकूंनी, दार उघडलं. बैठकीत काचेच्या कपाटात होम थिएटर विराजमान होतं. दसऱ्याला त्याची साग्रसंगीत पूजा झालेली दिसत होती: वाळलेला झेंडू, गंध, कुंकू, अक्षता. शेजारच्या टीव्हीला तसंच, फ्रिजला तसंच. सुनयनाने कॅमेऱ्यातून नव्या रिमोटचा दिवा पाहिला. लुकलुकत होता. मग तिने रिमोटला आपोआप कोड शोधायला लावलं. या पद्धतीत रिमोट स्वतःच एकामागून एक कोड सोडत जातं आणि जुळला की सेट चालू होतो. अर्धा तास ती हात ताणून उभी होती. सेट ढिम्म. सोफ्यावर बसलेले अनंतराव म्हणाले, "मी पंकजले सांगतलंच होतं."

तिने रिमोट खाली ठेवलं. एवढे कोड सोडून एकही लागत नाही म्हणजे सेटला दिसतच नाही. मग बघतो तरी कुठून हा? तिने मोबाइलचा टॉर्च लावून सेटचं तोंड न्याहाळलं. डिस्प्ले होता, बटणं होती, पेनड्राइव्हची खाच होती. रिमोटचा उजेड आत घेणारा काळा गोल डोळा तेवढा नव्हता. तो जिथे असायला हवा होता तिथे गंधाचा जाड थर, त्यावर ओलं कुंकू, त्यात रुतलेले तांदूळ, असं सगळं वाळून खपली धरली होती.

कुंकू ती आल्या क्षणापासून बघत होती, पण दिसलं नव्हतं. दसऱ्याला कोणाच्या घरी यंत्राला कुंकू नसतं? तिच्या स्वतःच्या सोल्डरिंग गनलाही होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने ओल्या फडक्याने डोळा पुसला, पहिल्या दिवशी दिलेलाच वहीतला कोड टाकला आणि बटण दाबलं. पाचही स्पीकर एकदम भूपाळी गाऊ लागले.

"पूजा कोणी केली होती, काका?"

अनंतराव छताकडे बघू लागले. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. "यायनंच केली. म्हनत होते, कंपनीनं टिळ्यासाठी गोल जागाच सोडून ठेवली पाहा. ते जुनं रिमोट उगीच मारलं बिचारं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती खरी. अनंतरावांनी मोबाइल उचलला, दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून पंकजला फोन लावला आणि रुबाबात म्हणाले, "हां पंकज, झालं रे काम. तुझ्याच दुकानाचा कोड लागला शेवटी. तू घरी आला की एकदा येऊन पाहून जा बरं, तुझी नजर पडली की आपल्याले खात्री."

सुनयना पिशवी भरत होती. वही तशीच हातात राहिली. रोज गिळलेलं सगळं एकदम वर आलं. तिने पुढे होऊन अनंतरावांच्या हातून फोन काढून घेतला. नऊ वर्षांत कोणत्याही गिऱ्हाईकाशी ती अशी वागली नव्हती.

"मी बोलून राह्यली. कोड पहिल्या दिवशी दिला तोच होता, माझ्या वहीतला. सेटच्या डोळ्यावर काकानं कुंकू थापलं होतं, ते मी पुसलं. तुमी येऊन काई पाहू नका, मी पाहून घेतलं. अन् गाळा द्यायचा नाई."

पलीकडे काट्यावर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता.

"बरं," पंकज म्हणाला. "कव्हरवाल्याले नाही म्हणून सांगतो मी."

"तुमी नका सांगू," सुनयना म्हणाली. "त्याले दुकानात पाठवा. मी सांगते."