सावधान! उद्या पाणी नाही

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी मी चार शब्दांत रिकामी केली.

टाकी लहान नव्हती. निगडी प्राधिकरणात छत्तीस कामगारांनी पदरमोड करून ही सोसायटी उभी केली, तेव्हा लिफ्ट राहून गेली; पण टाकी मात्र दोन दिवस पुरेल अशी बांधली, कारण आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. (लिफ्ट 'पुढच्या टप्प्यात' होती. तो टप्पा अजून जिना चढतोय.)

माझं नाव क्रांती, धाकट्या बहिणीचं समता. यावरून आमच्या बाबांचा अंदाज यावा. बाबा कारखान्यात लेथवर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात फडताळाच्या फळ्यांवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं, शाळेच्या पुस्तकांना कव्हर पत्रकांचं. इतर मुलं 'अ अननसाचा' शिकली, मी 'अ अन्यायाचा' शिकले. पत्रकाबद्दल बाबांचा एकच नियम होता : "शिफ्ट सुटलीय, माणूस भुकेला घरी निघालाय. शीर्षक वाचून तो सायकलवरून उतरला पाहिजे! आणि उतरल्यावर त्याला खोटं मिळता कामा नये." या नियमाचा पहिला अर्धा भाग मी कसोशीने पाळते.

तत्त्वाच्या प्रश्नावर तीन नोकऱ्या सोडून मी घरी बसले होते, तेव्हा संपतमामाने मला बोलावलं. संपतमामा म्हणजे आईचा भाऊ. गावची जमीन विकल्यावर त्याने चाकण रस्त्याला काचेचं ऑफिस थाटलं आणि एका बिल्डरचे फ्लॅट विकायला सुरुवात केली. भिंतीवर त्या स्कीमचं चित्र होतं. चित्रात इमारती, तळं आणि तळ्यात चार हंस. चाकणमध्ये!

"क्रांते, हजार-हजार मेल धाडतो आमी. येक न्हाई उघडत कुनी!"

"विषयाच्या ओळीत काय लिहिता?"

"'प्रशस्त टू बीएचके, सर्व सुविधांसह.'"

"मामा, हे वाचून मी आमच्या घराचं दारसुद्धा उघडणार नाही."

"म्हनून तर तुला बोलावली. तू लिव. लोकांनी उघडलं पायजे."

"लिहीन. पण मी खोटं लिहिणार नाही."

"न्हाई गं! खोटं आमी आत लिवतो. तू निस्ता इषय लिव."

मी ताडकन उठले. मामाने मला पुन्हा बसवलं, चहा मागवला आणि शरण आला. ठरलं असं, की आतला मजकूरही मीच लिहायचा आणि त्यात फक्त सत्य असेल. मग मी विचारलं, "स्कीममध्ये चोवीस तास पाणी आहे, हे खरं?"

"खरं."

"शपथ?"

"तुज्या आईची!"

आई त्याची सख्खी बहीण. मी विश्वास ठेवला.

दोन दिवस डोकं खाजवून मी ओळ काढली : 'सावधान! उद्या पाणी नाही.' आणि मेल उघडली की पहिलंच वाक्य : 'हे आणखी किती वर्षं ऐकणार आहात, बंधू-भगिनींनो?' त्यापुढे तीन परिच्छेद. पाणी हा माणसाचा हक्क कसा आहे इथपासून सुरुवात करून मी तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी फ्लॅटवर येत होते. यात खोटं काय? अर्धं वाक्य बाहेर, अर्धं आत, मिळून पूर्ण सत्य! मी स्वतःवर इतकी खूश झाले, की शनिवारी दुपारी चारला, लोक झोपेतून उठून फोन चाळतात त्या मुहूर्तावर, ती मेल मामाच्या सगळ्या यादीला पाठवून दिली.

यादीत कोण आहे, हे मात्र मी पाहिलं नव्हतं. दिवाळीत वाकडच्या एका मॉलमध्ये 'फॉर्म भरा, मिक्सर जिंका' असा स्टॉल होता. आमची अख्खी सोसायटी तिथे जाऊन फॉर्म भरून आली होती. (बाबांनीही भरला. ही लूट आतून पाहायची होती, म्हणे.) मिक्सर कुणालाच लागला नाही. मेलचे पत्ते तेवढे मामाला लागले.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्याच गच्चीवर समताचा साखरपुडा होता! कार्यालय नाही, मानपान नाही, शंभर माणसांचा स्वयंपाक गच्चीवर, असा बाबांचा तत्त्वनिष्ठ बेत. वाकडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या विहीणबाईंनी बैठकीतच विचारलं होतं, "तुमच्याकडे पाण्याचं कसं आहे हो?" त्यावर बाबा छाती फुगवून म्हणाले होते, "या आणि टाकी बघा आमची!"

साडेचारला आई ओरडली, "क्रांते, ऊठ! उद्या पाणी न्हाई म्हणे. पातेली भर!"

मी भरली. दोन पिंपं, सगळी पातेली, कुकर, फुलदाणीसुद्धा भरली. भरता भरता प्रशासनाला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. ऐन साखरपुड्याला पाणी बंद! मनातल्या मनात निषेधाचं पत्रक अर्धं लिहून झालं. मग पाणी पुसता पुसता सहज विचारलं, "पण सांगितलं कुणी?"

"मेल आलीय ना सगळ्यांना!"

म्हणजे माझीच!

मी जिन्यात धावले. वर-खाली छत्तीस घरांत नळ धो धो वाहत होते. समोरच्या जोशीकाकू पोरांच्या शाळेच्या बाटल्या भरत होत्या.

"काकू, बंद करा! अफवा आहे!"

"अफवा अशी छापील येते का गं?"

"तुम्ही उघडून वाचलीत का मेल?"

"त्यात वाचायचं काय? 'पाणी नाही' म्हटलंय. उघडून काय, पाणी मिळणार आहे?"

आता खरं सांगून टाकायचं, असं ठरवून मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे बाबा. ते जिन्याच्या वळणावर उभे राहून, फोन हातभर लांब धरून, जमलेल्या लोकांना सांगत होते, "याला म्हणतात लिहिणं! चार शब्द. माणूस सायकलवरून उतरलाच पाहिजे! कोण आहे कुणास ठाऊक, पण लेखणी आहे." मग मला पाहून म्हणाले, "शीक काहीतरी, क्रांते. तू फार पाल्हाळ लावतेस."

वाचकहो, बाबांनी माझ्या लिखाणाला आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हटलं होतं! मी गप्प बसले. बाबांनी ती ओळ आणखी तिघांना वाचून दाखवली, मी तिन्ही वेळा ऐकली. त्या वीस मिनिटांत तळमजल्यावरचे शेवाळेकाका गच्चीवरून खाली आले.

"राव, टाकी वाजतीय नुसती. थेंब न्हाई."

आणि दिवसाआडच्या हिशेबाने रविवारी तसंही पाणी यायचं नव्हतं; 'सावधान!' वाचल्यावर ते कुणाला आठवलंच नव्हतं. म्हणजे मी लिहिलं होतं ते अक्षरशः खरं झालं. उद्या पाणी नव्हतं.

छत्तीस घरांत बादल्या काठोकाठ, आणि गच्चीवरच्या आचाऱ्याला डाळ धुवायला पाणी नाही. बाबा आणि मी दारोदार फिरलो. ज्या माणसांनी एकजुटीने कारखान्याचं फाटक बंद पाडलं होतं, ती माणसं पिंपावर झाकण ठेवून म्हणाली, "दिलं असतं हो, पण उद्या पाणी नाही ना!" जोशीकाकूंनी एक बाटली दिली. ती परत मागितली.

शेवटी मी मामाला फोन लावला.

"टँकर? धाडतो की. आपल्या साइटवरला हाय."

"साइटवर टँकर कशाला? तिथे चोवीस तास पाणी आहे ना?"

"मग! चोवीस तास उभा असतो त्यो."

रविवारी सकाळी टँकर आला. दोन्ही अंगांना हंस, आणि खाली लाल अक्षरांत 'चोवीस तास पाणी'. स्वयंपाक झाला, पाहुणे आले, नवरा मुलगा हातात अंगठी घेऊन उभा राहिला. आणि बाबा गच्चीच्या कठड्यापाशी उभे राहून एकदा खाली टँकरकडे, एकदा हातातल्या फोनकडे पाहू लागले. छत्तीस घरांतून ती मेल उघडणारे ते पहिले गृहस्थ. तीन परिच्छेद त्यांनी शेवटपर्यंत वाचले.

"क्रांती," ते म्हणाले. ('क्रांते' नाही!) "हे पाल्हाळ तुझंच आहे."

मी 'हो' म्हटलं.

"थांबा हो," बाबा नवऱ्या मुलाला म्हणाले. "आधी खुलासा, मग अंगठी."

"बाबा!" समता किंचाळली.

"लोकांची दिशाभूल झालीय. लोकांसमोरच सांगायचं."

शंभर माणसांसमोर मी सगळं सांगितलं. मिक्सर, मामा, चार शब्द. आणि ती वीस मिनिटंसुद्धा. मग विहीणबाई सावकाश उठल्या.

"म्हणजे आमच्या टॉवरमध्ये काल झुंबड उडाली, ती तुझ्यामुळे? आज आम्ही सगळे अर्ध्या अर्ध्या बादलीत आंघोळ करून आलोय!"

समताने माझ्याकडे असं पाहिलं, की टँकर वाफ होऊन उडाला असता. आईने पदर तोंडात धरला. लग्न मोडलं, असं मी मनात लिहूनही टाकलं. (चारच शब्दांत : 'सावधान! बहीण आहे इथे.')

"आई," नवरा मुलगा म्हणाला, "अंगठी घालू का? हात दुखला."

विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "घाल," त्या म्हणाल्या. "पण ही पोरगी लग्नाच्या पत्रिकेला हात लावणार नाही."

अंगठी गेली एकदाची बोटात!

जेवणं उरकल्यावर बाबांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्याच यादीला माफीची मेल पाठवायला लावली. विषय त्यांनीच तपासला : 'तुमचं पाणी मीच घालवलं. माफ करा.' आत एक ओळ : काल पाठवली ती जाहिरात होती, आणि त्या स्कीमचं पाणी टँकरचं आहे. मामाचा धंदा बसणार, मला माहीत होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व!

संध्याकाळी मामाचा फोन. मी कान दूर धरून उचलला.

"क्रांते! समद्यांनी उघडली गं! निम्म्यांनी शिव्या घातल्यात, पन बाकीचे इचारतात, येवढं खरं बोलनारा बिल्डर हाय तरी कोन? साइट कवा दावता म्हनून! आता दर हप्त्याला माफी मागायची!"

मीही लढवय्या बापाची पोर. ठणकावून सांगितलं, "मामा, खोटी माफी मी मागणार नाही. मेले तरी नाही!" मामाने ते लगेच मान्य केलं.

त्यामुळे आता दर शुक्रवारी मला आधी मनापासून एक घोटाळा करावा लागतो.