चौदा घरांचं डुक्कर

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला आयुष्यभर नडलं. आमच्या गावात सातवी पास झालेला मी एकटाच. त्यामुळं सरकारकडं जो काही कागद जायचा तो माझ्या हातचा असायचा. वारसाच्या नोंदी, शाळेला मास्तर द्या म्हणून केलेल्या विनवण्या, बांधाच्या तक्रारी, सगळं मीच लिहिलं. पण सगळ्यात जास्त अर्ज लिहिले ते शिकारीच्या परवान्याचे. पंधरा-सोळा वर्षं तरी लिहिले असतील. त्यातला सत्तेचाळीस सालचा मंजूर झाला. तो झाला नसता तर बरं झालं असतं असं आज म्हणतो, पण त्या वेळी मीच देव पाण्यात घालून बसलो होतो.

गाव खानापूरच्या पश्चिमेला, रानाला लागून. घरं चौदा. खाली भाताची खाचरं, वर माळावर नाचणी. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि सकाळी खाचर नांगरल्यागत दिसायचं. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पारध असायची ती त्यासाठीच. पुढच्या हंगामाला तेवढीच दोन-चार तोंडं कमी, आणि सणाला खायला मटण.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उमेदीच्या काळात परवान्याची भानगड फार सोपी होती. पाटील एक नारळ घेऊन जंगलखात्याच्या गार्डाकडं जायचा आणि "उद्या पारध हाय" एवढं सांगून यायचा. गार्ड "बरं" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जेवायला हजर व्हायचा. झाला अर्ज. बंदूक गावात एकच, आमच्या घरची ठासणीची. ती घेऊन आप्पा डुकराच्या वाटेवर दबा धरून बसायचे आणि बाकीच्या घरांचे गडी पत्रे बडवत, आरडाओरडा करत रान उठवायचे.

जनावर पडलं की देवळापुढं पळसाच्या पानांवर त्याचे चौदा वाटे घालायचे. कोणी तापानं पडलेला असो की कामाला परगावी गेलेला, घराचा वाटा चुकायचा नाही. शेजारच्या आक्काचा नवरा ऐन तारुण्यात गेला, घरात गडीमाणूस उरला नाही, तर तिचा वाटा सगळ्यांत आधी. आणि वाटा उचलताना प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, "आमच्या घरानं मारलं." ही गावाची रीत. तसं न म्हणता उचलला तर ती भीक झाली. आक्का पदर सावरून असं ठणकावून म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिनंच गोळी घातली.

मी लिहिता झालो तोवर नारळाचे दिवस संपले होते. रानाचे भाग पाडले, भागांना नंबर दिले आणि प्रत्येक भागात हंगामाला मोजकेच परवाने द्यायचे असं वरनं ठरलं. आता स्टॅम्पाचा कागद घ्या, त्यावर 'समस्त ग्रामस्थ यांचा नम्र अर्ज' लिहा, मामलेदाराची शिफारस घ्या आणि बेळगावला जंगलखात्याच्या कचेरीत पोचवा. तिथला कारकून मान वर न करता म्हणायचा, "नाळे बा." उद्या ये. त्याचा उद्या कधी आठ दिवसांनी उगवायचा, कधी पंधरा. जाताना भाकरी बांधून न्यायची, रात्री धर्मशाळेत पडायचं, आणि सकाळी परत तेच ऐकायचं. पहिली दोन वर्षं तरी परवाना मिळाला. 'डुकरं दोन, भेकर एक' असं त्यावर छापलं होतं, आणि ते वाचून दाखवताना माझी छाती फुगली होती. आता हसू येतं. दुसऱ्याच्या रानातलं नव्हे, आपल्याच खाचराची नासाडी करणारं डुक्कर मारायला परवानगी मिळाली, याचा मला अभिमान वाटला होता!

तिसऱ्या वर्षी परवान्यासोबत एक छापील तक्ता आला. पारध झाल्यावर कोणी काय मारलं ते त्यात भरून द्यायचं. तो भरून घ्यायला नवा गार्ड आला. पूर्वेकडच्या उघड्या मुलखातला, मराठी मोडकीतोडकी बोलणारा, पण माणूस वाईट नव्हता. त्याला मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं तक्ता माझ्यापुढं सरकवला आणि आम्ही दोघं घरोघर निघालो.

"पारधीत काय मारला?" तो दारात उभा राहून विचारायचा.

"डुक्कर मारलं," घरवाला सांगायचा.

"किती?"

"एक."

मी लिहायचो. नाव, डुक्कर, एक. पुढचं घर. नाव, डुक्कर, एक. त्या वर्षी खरोखर एकच डुक्कर पडलं होतं, हे मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आक्काच्या दारात तर ती चुलीपुढनं उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्या घरानं एक डुक्कर मारलंय. नीट लिव रं." मी काय तिच्या नावापुढं पूज्य लिहिणार होतो? ते पूज्य लिहिलं असतं तर मी तिचा वाटा काढून घेतल्यासारखं झालं असतं. चौदा नावं आणि चौदा वेळा 'एक', सगळं वळणदार अक्षरात लिहून दिलं. खालची बेरीज मी केली नाही. ती बेळगावात झाली.

महिन्यानं मला कचेरीत बोलावणं आलं. साहेबापुढं तक्ता होता.

"दोन डुकरांचा परवाना. तुम्ही चौदा मारलीत?"

"साहेब, डुक्कर एकच. चौदा घरांनी मारलं."

"म्हणजे तेरा घरं खोटं बोलली?"

"नाही साहेब. खरंच बोलली."

"मग तेरा डुकरं कुठं गेली?"

कारकून फिसकन हसला. मी रीत सांगायला लागलो, वाटे सांगितले, आक्का सांगितली. जसजसं सांगत गेलो तसतसं ते माझ्याच कानाला थापा मारल्यागत वाटायला लागलं. "हे अक्षर तुझंच ना?" एवढंच साहेबानं शेवटी विचारलं. माझंच होतं. गावाचा परवाना रद्द झाला आणि गावाच्या नावानं पुन्हा द्यायचा नाही, असा शेरा पडला.

गावानं मला बोल लावला नाही. तेच जास्त लागलं. अण्णा, माझा थोरला भाऊ, तेवढा म्हणाला, "शिकलास तवा बेरीज शिकला न्हाईस व्हय?" आप्पांनी त्याला गप्प केलं. मला म्हणाले, "परत अर्ज घाल. गावाच्याच नावानं घाल."

घातले. दरवर्षी घातले. उत्तर दरवर्षी तेच: अर्जदार एक असावा. मी विचारायचो, एकाच्या नावानं करू का? आप्पा मान हलवायचे. "पारध एकाची नसतीया." बंदूक घरात ठेवायची मुभा होती, रानात न्यायची नव्हती. शिमग्याच्या सकाळी ते ती खुंटीवरनं काढून तेलपाणी करायचे आणि परत टांगायचे. डुकरं माजली. दोन घरांनी रानाकडंची खाचरं पडीक टाकली. ज्यांना शिकार करायची त्यांच्या शिकारी काही थांबल्या नव्हत्या. बेळगावच्या छावणीतले गोरे अंमलदार यायचे, त्यांच्यासाठी आमच्याच रानात तंबू पडायचे. लढाई लागल्यावर तर परवाने जवळजवळ सगळे त्यांनाच, आणि आम्हाला बारूदसुद्धा मिळेना. त्या लोकांसाठी रान उठवायला आमचीच पोरं जायची. मला त्याची चीड यायची आणि ती चीड मी अर्जात फार नम्र शब्दांत लिहायचो.

लढाई संपली आणि आणखी एक नवी पद्धत आली. अर्ज छापील झाला. त्याला मामलेदाराचा वर्तणुकीचा दाखला जोडायचा. अर्ज परवान्यांपेक्षा जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. कारकून मला आता ओळखायला लागला होता. म्हणाला, "कशाला चपला झिजवताय? एकट्याचं नाव घाला. नशिबात असंल तर निघंल चिठ्ठी."

आप्पांचे पाय तोवर गेले होते. दारातल्या बाजेवर पडून असायचे. "मरायच्या आदी एक डाव गावाची पारध बगू दे. चौदा वाटं पडल्यालं बगू दे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे. ते ऐकून माझा जीव तुटायचा. बेरीज मी चुकलो होतो, आणि शिक्षा हा म्हातारा भोगत होता. शेवटी मी कोणालाही न सांगता अर्ज भरला. अर्जदार: मी. सोबती: कोणी नाही. पुढं एक रकाना होता, रान उठवण्यासाठी न्यायचे मजूर. त्यात मी तेरा घरांची नावं लिहिली. आक्काच्या घरातनं, आता तिच्याकडं राहायला आलेल्या भाच्याचं लिहिलं. अण्णा आमच्याच घरातला, पण सोबती म्हणून लिहावा तर त्याचा वेगळा दाखला लागत होता. तेव्हा त्यालाही मजुरांत घातला. कागदाला कागद समजून लिहिलं. आपल्या लोकांना कागद कोण वाचून दाखवणार आहे, असं मनात आलं होतं, हेही कबूल करतो.

चिठ्ठी निघाली. सत्तेचाळीस सालचा शिमगा. गावात सांगितलं, परवाना मिळाला. कुणाच्या नावानं ते सांगितलं नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णानं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

पारधीच्या सकाळी सगळे देवळापुढं जमले आणि गार्ड आला. आता नियमच होता, गार्डानं हजेरी घ्यायची. हा नवा पोरगेला गार्ड मराठी अस्खलित वाचत होता. त्यानं माझं नाव पुकारलं, "शिकारी." मग म्हणाला, "मजूर," आणि एकेक नाव पुकारायला लागला. पहिले दोघं-तिघं नुसते "हाय" म्हणाले. मग लोक माझ्याकडं बघायला लागले. अण्णाचं नाव आलं. गार्डानं पुन्हा पुकारलं. तेव्हा अण्णा म्हणाला, "हाय. मजूर हाय." माझ्या हातात आप्पांची बंदूक होती, आणि ती कुठं ठेवावी मला कळेना.

रान त्यांनी उठवलं. चुकारपणा केला नाही, उलट कधी नव्हे इतकं शिस्तीत उठवलं, पण ओरडणं नाही, थट्टा नाही, नुसते पत्रे वाजत होते. चांगलं सुळ्याचं डुक्कर माझ्या गोळीनं पडलं. देवळापुढं मी स्वतः चौदा पानं मांडली, वाटे घातले आणि उभा राहिलो. कोणी पुढं येईना.

"आक्का, घे की," मी म्हणालो. ती आता वाकली होती, काठी टेकत आली होती. वाट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माज्या घरानं न्हाय मारलं बाबा. मजुराचा वाटा कसला?"

"कागद हाय तो, आक्का! कागदावर लिवायला लागतंय!"

"आमाला कुटं कागद कळतोय," अण्णा म्हणाला. "तुला कळतोय. तूच खा."

एकेक करून सगळे गेले. एक वाटा मी उचलला. बाकीचे तेरा गार्डानं पोत्यात भरून सायकलला बांधले. परवान्याप्रमाणं मटण माझं होतं, मी दिलं तर तो घेऊ शकत होता, आणि मी दिलं. कुत्र्यापुढं टाकण्यापेक्षा ते बरं वाटलं.

आप्पा दारात वाट बघत होते. "पडलं?"

"पडलं."

"वाटं?"

"चौदा पडले."

"आक्कानं पयला उचलला न्हवं?"

"व्हय आप्पा."

"समदी आली?"

"समदी."

त्या दिवशी त्यांनी कित्येक दिवसांनी पोटभर खाल्लं. दात नव्हते, तरी चघळत बसले होते. पावसाळ्यात गेले. जाईपर्यंत गावातलं येणारं प्रत्येक माणूस त्यांच्याशी त्या पारधीचं बोललं, आणि खरं काय घडलं ते एकानंही त्यांना कळू दिलं नाही. अण्णानंही नाही. त्यानं शिमग्यानंतर आठ दिवसांत चूल वेगळी केली होती, पण आप्पांच्या बाजेजवळ बसला की माझ्याशी बोलायचा. तेवढ्यापुरतंच.

त्यानंतर स्वराज्य आलं. बेळगावच्या कचेरीवरचं निशाण बदललं. कारकून तोच, अर्ज तोच, नुसत्या वरच्या ओळीवर काट मारलेली. मी ठरवलं होतं, आता परवान्याचा अर्ज या हातानं लिहायचा नाही.

दिवाळी झाल्यावर वरच्या आळीचा एक जण आला. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "माज्या नावानं एक लिवून दे. कुणाला सांगू नगंस." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "तुला चालतंय, आमाला न्हाय व्हय?" मी लिहून दिला. दोन दिवसांनी दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच शक्कल काढली. मजुरांच्या रकान्यात ते एकमेकांची नावं सांगत होते, आणि मी ती लिहून घेत होतो. आक्काच्या भाच्यानं तर माझंही नाव घातलं.

सगळ्यांत शेवटी अण्णा आला. वेगळी चूल केल्यापासून माझ्या सोप्यावर पहिल्यांदाच. बसला नाही. खांबाला टेकून उभा राहिला.

"एक अर्ज पायजे," म्हणाला.

"कुणाच्या नावानं?"

"माज्या. एकट्याच्या."

मी छापील कागद काढला आणि त्याचं नाव चांगल्या अक्षरात लिहिलं. मजुरांच्या रकान्यापाशी आलो आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं चौदा नावं एका दमात सांगितली. पहिलं माझं होतं. मी ते लिहिलं, आणि अंगठा उठवायला शाई त्याच्यापुढं सरकवली.