पाच गावं, पाच नारळ

मार्चमधल्या भर दुपारी वर्गाच्या खिडक्या लावून घेणारा आणि वर पंखाही बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पारोळ्याकडचा मार्च ज्यांनी सोसलाय त्यांना यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको. पिंजारी सर दाराला आतून कडी घालत, रुमालाने मान पुसत आणि म्हणत, "चला. आता आपण फिलाडेल्फियात आहोत. आतलं बाहेर जायचं नाही." अमेरिकेतल्या तेरा राज्यांच्या नव्या देशाची घटना करायला माणसं बसली, तेव्हा त्यांनीही ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या. आतली भांडणं रस्त्यावर ऐकू जाऊ नयेत म्हणून. घाम आल्याशिवाय घटना कळत नाही, असं सरांचं मत होतं. आम्हाला घाम भरपूर यायचा. घटनेचं खात्रीने सांगता येत नाही.

सर अकरावीला राज्यशास्त्र शिकवत. ते माझ्याच गावचे, धाबेगावचे. घर पिढीजात कापूस पिंजणाऱ्यांचं. थोरले भाऊ बशीरभाऊ गाद्या-रजयांचं दुकान चालवायचे आणि पुढे गावचे सरपंच झाले. सरांनी पिंजणीला कधी हात लावला नव्हता, पण बोलता बोलता शर्टाच्या बाहीवरून नसलेला कापूस टिपायची सवय त्यांना होती. उंच, किडकिडीत, आवाज बारीक. कोणावर ओरडलेले मला आठवत नाहीत. चिडले की ते फक्त अहिराणीत बोलायला लागायचे, आणि तेवढ्यानं वर्ग सरळ व्हायचा.

खिडक्या लावल्या की ते जेवणाचा रिकामा डबा टेबलावर ठेवत. त्यात तेरा चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेका राज्याचं नाव आणि लोकसंख्या. तेरा जणांनी एकेक चिठ्ठी उचलायची, पण उघडायची नाही. फळ्यावर प्रश्न असायचा: नव्या देशाच्या सभेत कोणाला किती मतं? "आधी बोला, मग चिठ्ठी उघडा," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं. जो तो उठून आपलं मत मांडायचा आणि सर ते शब्दन् शब्द एका जाड रजिस्टरात उतरवून घ्यायचे.

मी तेव्हा वक्तृत्व स्पर्धांमधून ढाली आणणारी मुलगी होते. मी ठणकावून सांगितलं की माणसं तितकी मतं, यापेक्षा वेगळा न्याय असूच शकत नाही. दगडमातीला मत नसतं, माणसाला असतं. टाळ्या पडल्या. मग सर म्हणाले, "उघडा." माझ्या चिठ्ठीवर होतं डेलावेअर. तेरांतल्या अगदी चिमुकल्यांपैकी एक. मी चिठ्ठी पाहिली, घोटभर पाणी प्यायले आणि उठून म्हणाले की प्रत्येक राज्याला एकच मत असावं, कारण राज्य हेसुद्धा एक कुटुंबच असतं. वर्ग हसून लोळला. सरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि माझंच आधीचं भाषण मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"वाईट वाटून घेऊ नको," ते नंतर म्हणाले. "चिठ्ठी उघडस नही तवलोंग बठ्ठा साधू शेतस." म्हणजे चिठ्ठी उघडेपर्यंत सगळेच साधू. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. डेलावेअर, अशीच हाक मारायचे. बाजारात, एस.टी. स्टँडवर, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. सासरच्यांना ते माझं माहेरचं लाडाचं नाव वाटलं असावं.

मग खरं कोणाचं, असं कोणीतरी दरवर्षी विचारायचं. सर सांगायचे की त्या लोकांनी शेवटी दोन सभा केल्या, एकीत डोकी मोजली आणि दुसरीत राज्यं. आणि आपल्याकडे राज्यसभेतही मोठ्याला जास्त आणि धाकट्याला कमी. उत्तर प्रदेशाला एकतीस जागा, गोव्याला एक. "म्हणजे गोव्यावर अन्याय झाला का सर?" यावर ते बाही झटकत म्हणायचे, "गोव्याचा माणूस भेटला की विचारा. उत्तर प्रदेशवाल्याला विचारू नका." परीक्षेत लिहिण्यासारखं यात काही नसायचं. मी पुढे हाच विषय घेतला आणि आता जळगावला हाच शिकवते, पण वर्गाच्या खिडक्या लावायची माझी हिंमत झालेली नाही.

सर निवृत्त झाले त्या सुमारास आमच्या भागात पाच गावांची मिळून एक पाणीयोजना झाली. टाकी धाबेगावात, कारण जागा आमची आणि गाव सगळ्यांत मोठं, नऊशे घरांचं. मधली तीन गावं दोन-तीनशे घरांची. आणि पाइपलाइनच्या अगदी शेवटी उंबरटेक, चाळीस घरांची भिल्लांची वस्ती. आता पाचही गावांची मिळून एक समिती करायची, आणि कोणाला किती दिवस पाणी हे तिनं ठरवायचं. तिचे नियम लिहायचं काम पिंजारी सरांवर आलं. घटना शिकवणारा माणूस, शिवाय सरपंचांचा सख्खा भाऊ. गाव निर्धास्त होतं.

पहिली बैठक धाबेगावच्या शाळेत झाली. मी माहेरी आले होते, म्हणून हजर होते. चार गावांची माणसं पाहुणी म्हणून येणार, तर आमच्याकडे मान दिल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. बशीरभाऊंनी स्वतः जाऊन टोपी, टॉवेल आणि नारळ आणले होते. पाच गावं, पाच जोड. आपल्या गावालाही एक, कारण मानात कोणी वेगळा नको. उंबरटेकचे सुका नाना सगळ्यांत मागे बसले होते. बशीरभाऊंनी हाताला धरून त्यांना पुढे आणलं, डोक्यावर टोपी ठेवली, नारळ ओंजळीत दिला. त्या कार्यक्रमात खोट काढायला जागा नव्हती.

मग बशीरभाऊंनी आपला प्रस्ताव मांडला. शंभर घरांमागे एक मत. म्हणजे धाबेगावला नऊ, मधल्या तिघांना मिळून सात. उंबरटेकशी आल्यावर ते जरा अडखळले. शंभरात चाळीस म्हणजे धरा अर्धं. सुका नाना ओंजळीतला नारळ मांडीवर ठेवून म्हणाले, "अर्धं मत म्हनजे कसं, भाऊ? आम्ही काय अर्धा हात वर करानं का?"

हशा पिकला, पण तो लवकर विरला. मधल्या गावांच्या लक्षात आलं होतं की नवापुढे साडेसात, म्हणजे धाबेगावनं एकट्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी चहा पिऊन घरी जायचं. कुरबुर वाढली तशी बशीरभाऊ म्हणाले, "ठीक आहे, मतांवरच मत घेऊ. हात वर करा." शाळा आमच्या गावातली, हॉलमध्ये चारातली तीन डोकी धाबेगावची. मी सरांकडे पाहिलं. ते रजिस्टर मिटत होते.

"भाऊ," ते बारीक आवाजात म्हणाले, आणि अहिराणीत म्हणाले, म्हणजे मला कळलं. "ल्हान गावले तुम्ही ल्हान नारय दिधा का?"

बशीरभाऊ म्हणाले, "अरे, मानमां ल्हान-मोठं करतस का कोणी?"

"मंग मत बी तसंच लेवा. पाच नारय तुम्हीच मोजात. ज्याले नारय, त्याले मत."

हे आमच्या खान्देशातच होऊ जाणे. दुसरीकडे कोणी म्हटलं असतं, मान वेगळा आणि मतदान वेगळं. पण पाहुण्याला बरोबरीचा नारळ देऊन घटकाभरात त्याला अर्धा ठरवायचं, हे बशीरभाऊंच्या तोंडून निघेना. धाबेगाव स्वतःच्या पाहुणचारात अडकलं होतं. पाच नारळ टेबलावर मांडले. ज्याला घरांवर मतं हवीत त्यानं आपला नारळ डावीकडे ठेवायचा. डावीकडे आमचा एकटाच राहिला.

नियम सरांनी तिथेच लिहिले. दुरुस्ती आणि वर्गणी घरांच्या हिशेबानं. पाण्याची पाळी मात्र गावागणिक, एका गावाला एक मत. आणि शेवटचं कलम: ठरलेल्या पाळीबाहेर टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा असेल तर पाचही गावांना विचारावं. बशीरभाऊंनी सही केली, व्हॉल्व्हची चावी खिशात टाकली आणि घरी गेले. त्यानंतर ते सरांशी बोलले नाहीत. दोघांची घरं एका भिंतीला लागून होती. ईदला दोघंही एकाच ईदगाहवर जायचे, साऱ्या गावाला गळामिठी द्यायचे आणि एकमेकांना सोडून परत यायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. एका ईदला आईबरोबर त्यांच्याकडे शीरखुर्मा खायला गेले होते, तेव्हा दोन्ही अंगणांतून दोन वाट्या वेगवेगळ्या आल्या.

आणि सरांचा नियम चोख होता असंही नाही. पाच दिवस, पाच गावं, ज्याला त्याला एक दिवस. उंबरटेकच्या टाक्या सकाळी दहालाच भरून वाहायच्या आणि आमच्याकडे पाचव्या दिवशीही शेवटच्या गल्लीला पाणी पोचायचं नाही. माझी आई हंडे घासताना मला सुनवायची, "चाळीस घरस्ले आख्खा दिन, आन नऊशे घरस्ले बी आख्खाच दिन! चांगलीच घटना लिखी तुना सरनी." सरांच्या घरातही तीच तऱ्हा होती. त्यांच्या दाराशी निळे ड्रम ओळीनं मांडलेले असायचे आणि गल्लीतली पोरं येता-जाता त्यावर बडवून जायची.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं. मला वाटलं, आता ते फिलाडेल्फियात शिरतील. ते म्हणाले, "तुनी माय बरोबर सांगस, डेलावेअर. मना चुकनंच." मग म्हणाले, "पण आता ते सुधारायचं काम पाच जणांचं आहे. मी एकट्यानं बदललं तर बशीरभाऊत आणि माझ्यात फरक काय?" मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. माझी आई हंडे घेऊन उन्हात उभी होती आणि सर तत्त्व सांगत होते. मी तसं म्हटलंही.

पुढच्या उन्हाळ्यात समितीच्या बैठकीत सुका नाना आपणहून उठले आणि म्हणाले, उंबरटेकला दुपारनंतरचं पाणी नको, ते धाबेगावला सोडा. असं का, म्हणून कोणी विचारलं, तर म्हणाले, "आमनं मत पुरं शे ना? मंग दिवस अर्धा बी चाली." ठराव पाच विरुद्ध शून्य असा झाला. आईनं सरांना शिव्या देणं बंद केलं. बशीरभाऊंनी ठरावावर सही केली, पण भावाशी बोलायचं तेव्हाही नाव काढलं नाही. असं करता करता अबोल्याला सहा वर्षं झाली.

सर गेले ते मे महिन्यात, सकाळी, चहा पिता पिता. निरोप गेला तशी धुळ्याहून, जळगावहून, पारोळ्याहून त्यांचे विद्यार्थी यायला लागले. दहा वाजेपर्यंत गल्ली माणसांनी भरली. ऊन मी म्हणत होतं. एवढ्या माणसांना प्यायला पाणी, नमाजेआधी हातपाय धुवायला पाणी, आणि सरांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी. निळे ड्रम तळाला गेलेले, शेजारपाजाऱ्यांचेही तसेच. धाबेगावची स्वतःची पाळी दोन दिवसांवर होती. त्या दिवशीची सकाळ उंबरटेकची होती; त्यांनी सोडलेलं पाणी दुपारनंतर येणार, आणि तोवर थांबणं शक्य नव्हतं.

बशीरभाऊ अंगणात खुर्चीवर बसले होते. पंच्याहत्तरीचे, गुडघे गेलेले. चावी त्यांच्याच खिशात होती आणि टाकी हाकेच्या अंतरावर. ते उठून नुसते चालू लागले असते, तर त्या दिवशी पाचही गावांत कोणी ब्र काढला नसता. एकदोघांनी तसं सुचवलंही. त्यांनी हातानंच त्यांना गप्प केलं आणि मला जवळ बोलावलं. "पोरी, मले आकडा दिसत नहीत. फोन लाय."

मी पहिल्या गावाचा नंबर लावला. त्यांनी एवढंच विचारलं: पाळी आमची नाही, व्हॉल्व्ह उघडू का? पलीकडून हो आलं. दुसऱ्या गावाला लावला. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी तेच वाक्य, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला रडू त्या फोनांच्या वेळी आलं; त्याआधी आलं नव्हतं. शेवटी उंबरटेक. फोन स्पीकरवर होता, गल्ली ऐकत उभी होती.

सुका नाना पलीकडून म्हणाले, "आसं काय करतस, भाऊ? आज बी इचारानं का? उघाडा ना."

बशीरभाऊंनी खिशातून चावी काढून मुठीत धरली. "इचारनं पडस, नाना," ते म्हणाले. "मना भाऊनी लिखेल शे."